डावा गुडघा

"म्हणजे सोमगिरींचा गुडघा खरोखरच दुखत होता?" अच्युतगिरीने विचारले.

भवानबाबा कुंडाच्या काठाशी वांग्याच्या रोपांना लोट्याने पाणी घालत होते. त्यांनी वर न बघता मान हलवली.

"दुखत व्हता."

"नुसता दुखत होता? व्रत नाही, साधना नाही, गुरूची आज्ञा नाही...?"

"दुखत व्हता म्हणून बसायचा. न्हाई दुखला तरी बसायचा."

अच्युतगिरीला खरे तर हायसे वाटायला हवे होते. वर्षापूर्वी मठातल्या सगळ्यांना त्याने हेच तर सांगितले होते, आणि आज ते खरे ठरले होते. पण तो मात्र रडकुंडीला आला होता.

हकिकत अशी.

बालाघाटातल्या एका उघड्याबोडक्या डोंगरावर त्यांचा मठ. पाणी डोंगराच्या पायथ्याशी, कुंडात. मधे एकशे नव्वद पायऱ्या. मठाच्या दारात पाणपोईचे अकरा रांजण. चैत्रात भैरोबाच्या जत्रेला माणसे उन्हातान्हाची डोंगर चढून येत आणि या रांजणांतले पाणी पिऊन मग देवाकडे जात. मठाचे नाव होते ते या पाण्यासाठी. एरवी त्या नऊ गोसाव्यांना विचारतो कोण!

सोमगिरी तीस वर्षे मठाचे महंत होते. रोज सकाळी सगळ्यांबरोबर तेही हंडा खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत. अर्ध्या वाटेवर एक चौथरा आहे, दोन्ही बाजूंना दगडी कट्टे असलेला. तिथे ते हंडा मधोमध ठेवत, कट्ट्यावर टेकत आणि तळव्याने गुडघा दाबत. मागून येणारा प्रत्येक जण तसेच करी. हंडा मधोमध, बूड कट्ट्यावर, हात गुडघ्यावर. शेवटचा माणूस येऊन टेकेपर्यंत कुणी उठत नसे. उठताना आपले भांडे आपण उचलायचे नाही, दुसऱ्या कुणाचे तरी उचलायचे. नवीन आलेल्याने विचारले, तर जुने सांगत, "असंच असतं."

सोमगिरी गेले आणि अच्युतगिरी गादीवर आला.

अच्युतगिरी बारा वर्षे न्यायशास्त्र शिकलेला. कारणाशिवाय पान हलते म्हटले तर त्याला झोप येत नसे. त्याने चौकशी केली. पायथ्याच्या गावातल्या वैद्याने सांगितले, सोमगिरी गुडघ्याला तेल नेत. डोळ्यांत मोतीबिंदू होता, तेव्हा भांडे कुणाचे हेही त्यांना नीट दिसत नसावे.

झाले. अच्युतगिरीने सगळ्यांना गोळा करून सांगितले, "हा धर्म नव्हे. हा संधिवात आहे."

सगळे हसले. अगदी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून चौथऱ्यावर थांबणे बंद झाले. पाणी अर्धा तास लवकर वर येऊ लागले. अच्युतगिरीला आपला अभिमान वाटला.

महिनाभर बरे चालले. मग अंगापिंडाने दांडगा असलेला भिवगिरी धावत चढून स्वतःपुरत्या दोन खेपा करू लागला. सत्तरी ओलांडलेले रतनगिरी मागे एकटे पडू लागले. ते कधी वर पोचतात, ते कुणाला कळेना. कुणीतरी बोलून गेले की रतनबुवांची कळशी एवढीशी, पण पितात मात्र सगळ्यांइतकेच. मग ज्याने त्याने आपापला रांजण केला. त्यावर झाकण आले. एका झाकणावर तर धोंडाही आला.

आणि आता जत्रा पाच दिवसांवर होती. पाणपोईच्या अकरांपैकी नऊ रांजण कोरडे होते. एकात कोळ्याने जाळे विणले होते. दोन गोसाव्यांनी गाठोडी बांधून ठेवली होती, दुसरा मठ बघायला.

म्हणून अच्युतगिरी खाली आला होता. भवानबाबा हे सोमगिरींचे गुरुबंधू. कुंडाशेजारच्या झोपडीत राहत. कैक वर्षांत वर चढले नव्हते.

"मी त्यांना समजावलं, बाबा," अच्युतगिरी म्हणाला. "सगळ्यांनी सगळ्यांसाठी पाणी आणलं तर सगळ्यांना पुरतं. जो तो आपलं बघायला लागला की शेवटी कुणालाच पुरत नाही. दाखले दिले. एकेक शंका घेऊन ती फेडली."

"मग?"

"सगळ्यांना पटलं. भिवगिरी तर म्हणाला, अगदी बरोबर."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी दुसरा कोण सुरुवात करतो, याची वाट बघत सगळे बसून राहिले."

भवानबाबांनी लोटा पालथा केला.

"पाळ्या लावून दिल्या," अच्युतगिरी म्हणाला. "पाळ्यांवरून भांडणं झाली. शेवटी हुकूम काढला, पूर्वीसारखं चौथऱ्यावर बसा. बसले. पण प्रत्येकाने आपल्या हंड्याला मिठी मारलेली. एकाने गुडघा दाबला आणि सगळे खो खो हसत सुटले."

"हं."

"मी खोटं काय सांगितलं होतं? गुडघाच होता ना?"

"गुडघाच व्हता."

"मग...?"

भवानबाबांनी एका रोपाची माती बोटाने सारखी केली.

"कुठला गुडघा, ते सांगितलंस का त्यांना?"

"डावा. सगळे डावाच दाबतात."

"सोमाचा उजवा दुखायचा."

अच्युतगिरीने आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिले. मग हवेत हात धरून, समोर कुणी बसले आहे असे मनाशी धरून पाहिले.

"त्यो ह्या कट्ट्यावर," भवानबाबा म्हणाले. "तुमी समोरच्या. त्याचा हात तुमाला ज्या बाजूला दिसला, त्या बाजूचा तुमी धरला."

"म्हणजे तीस वर्षं आम्ही चुकीचा गुडघा दाबला?"

"व्हय."

अच्युतगिरी मटकन खाली बसला. बारा वर्षांच्या अभ्यासात असे काही त्याच्या वाचनात आले नव्हते.

"बरं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "सोमगिरींच्या आधी? तुमच्या गुरूंच्या वेळी चौथऱ्यावर बसत नसणार."

"बसायचे की."

"त्यांचाही गुडघा?"

"त्यांचा गुडघा ठणठणीत. चिलीम वढायला बसायचे."

"आणि त्यांच्या आधी?"

"तवा तिथं एक कुत्री व्याली व्हती म्हणत्यात. तिला भाकरी घालायला थांबायचे."

"म्हणजे बसण्याला काही कारणच नाही!"

"तीन-तीन सांगितली की तुला."

अच्युतगिरीचे डोके आता खरोखरच गरगरायला लागले. त्याला राग आला. आधी भवानबाबांचा आला, मग आपला आला, आणि शेवटी त्या कुत्रीचाही आला.

"बाबा, माझी चेष्टा करू नका," तो म्हणाला. "पाच दिवसांनी माणसं येतील. म्हातारी येतील, बाया तान्ही लेकरं घेऊन येतील. रांजणात ओगराळं घालतील आणि ते खडखडत वर येईल. माझ्या हातून मठ बुडतोय. मी काय करू ते सांगा."

भवानबाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले.

"परत बसा म्हणून हुकूम काढलास, तवा तू कुठं व्हतास?"

"वर. दारात. सगळे बसतात की नाही ते बघत होतो."

"तुजा हंडा?"

"गादीवर आल्यापासून मी पाण्याला जात नाही. ग्रंथ असतात, येणारेजाणारे असतात..."

"सोमा जायाचा."

"हो, पण..."



भवानबाबा झोपडीत गेले. एका हातात घागर आणि दुसऱ्या हातात काळा पडलेला भला मोठा तांब्याचा हंडा घेऊन बाहेर आले. हंडा अच्युतगिरीपुढे ठेवला.

"भर."

"तुम्ही वर येणार? तुमच्याच्याने चढवेल?"

"भर म्हनतो ना."

दोघे निघाले. वर्षभराची सवय गेलेली, त्यामुळे तिसाव्या पायरीलाच अच्युतगिरीचा खांदा भरून आला. भवानबाबा पुढे होते. मधेमधे थांबत, पण मागे बघत नव्हते.

चौथरा आला. बाबांनी घागर मधोमध ठेवली आणि कट्ट्यावर टेकले. अच्युतगिरीने हंडा ठेवला आणि उभाच राहिला.

"चला ना. पुढे चढ आहे."

बाबा जागचे हलले नाहीत. अच्युतगिरी समोरच्या कट्ट्यावर बसला. बसून करायचे काय, ते त्याला कळेना.

खालून कुणाच्या तरी धापा ऐकू येऊ लागल्या. बऱ्याच वेळाने रतनगिरी चौथऱ्यावर आले. त्यांनी दोघांकडे पाहिले, आश्चर्य काही दाखवले नाही, कळशी मधोमध ठेवली आणि अच्युतगिरीशेजारी टेकले. त्यांचा हात आपसूक डाव्या गुडघ्यावर गेला.

"रतनबुवा, तुम्ही अजून इथे बसता?" अच्युतगिरीने विचारले.

"अं?" रतनगिरींना कमी ऐकू येई.

"इथे बसता अजून?"

"दम लागतो."

"आणि गुडघा? दुखतो?"

रतनगिरींनी स्वतःच्या हाताकडे पाहिले. तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा, असे पाहिले.

"न्हाई बा," ते म्हणाले. "असंच असतं."

मग ते उठले. त्यांनी अच्युतगिरीचा हंडा उचलला, तिघांतला सगळ्यात जड. अच्युतगिरी "अहो, अहो, तो नको" म्हणेपर्यंत त्यांनी तो खांद्यावर घेतलाही होता, आणि दोन पायऱ्या चढूनही गेले होते.

भवानबाबांनी कळशी उचलली. उरली घागर.

अच्युतगिरी घागर घेऊन मागे धावला. रतनगिरींचे पाय थरथरत होते. हंडा कधी डावीकडे कलायचा, कधी उजवीकडे. अच्युतगिरी एका हाताने घागर सावरत, दुसरा हात पुढे धरून, त्यांच्या पायरीला पायरी देत चढू लागला. तरुण पाय होते, धावत वर जाता आले असते. पण त्याचे पाणी त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर होते आणि म्हातारा त्याच्या पुढे होता. एका पायरीवर हंडा हिंदकळला. अच्युतगिरीने खालून तळवा लावला. अर्धा शेर पाणी त्याच्या तोंडावर सांडले.

वर पोचताच रतनगिरींनी कुणाला न विचारता हंडा पाणपोईच्या रांजणात ओतला. कोळ्याचे जाळे वाहून गेले.

"हे उलटं आहे," अच्युतगिरी धापा टाकत म्हणाला. "जड ओझं दुबळ्याकडे गेलं. याला काय अर्थ आहे?"

"मग तू पळालास का न्हाई पुढं?" भवानबाबांनी विचारले.

"कसा पळणार? पडले असते ते."

"हं," भवानबाबा म्हणाले आणि कळशी ओतायला गेले.

दारात भिवगिरी आपल्या झाकणाच्या रांजणाला टेकून उभा होता.

"काय महाराज," तो म्हणाला, "तुम्हालाही संधिवात झाला वाटतं."

वादात अच्युतगिरीला कुणी हरवलेले नव्हते. या वेळी मात्र तो नुसता तोंड पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हंडा घेऊन खाली गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आले नसते. कुंडावर भवानबाबा भेटले. दोघे चौथऱ्यावर येऊन बसले. अच्युतगिरीला फार ओशाळे वाटत होते. महंताने भर सकाळी कामधाम सोडून बसायचे, ते एका मेलेल्या माणसाच्या गुडघ्यासाठी... तोही चुकीच्या.

भिवगिरी धाडधाड पायऱ्या चढत आला. दोघांच्या मधून जायचे म्हणजे बसलेल्या महंताच्या नाकासमोरून पाय टाकत जायचे. त्याने पुढच्या पायरीवर पाय ठेवला, मागे घेतला, परत ठेवला. मग हंडा मधोमध आदळून कट्ट्यावर टेकला.

"क्षणभरच हं," तो म्हणाला.

तेवढ्यात रतनगिरी आले, बसले, उठले आणि भिवगिरीचा हंडा उचलून चालू लागले.

"ओ बुवा, तो माझा!"

रतनगिरींना ऐकू आले नाही. किंवा आले असेल. भिवगिरी समोर दिसले ते भांडे उचलून, बडबडत मागे गेला. पण बडबड करताना त्याचा एक हात पुढे धरलेला होता, हे अच्युतगिरीने पाहिले. वर पाणी पाणपोईत ओतले गेले, तेव्हा भिवगिरी आ वासून बघतच राहिला.

तिसऱ्या दिवशी भिवगिरीने हंड्याऐवजी घागर आणली.

रतनबुवांना झेपावी म्हणून आणली, की आपले पाणी कमी जावे म्हणून आणली? अच्युतगिरीला काही कळेना. त्याने विचारायला तोंड उघडले. भवानबाबांनी त्याच्या हातात कळशी दिली.

चौथ्या दिवशी चौथऱ्यावर सहा जण होते. कुणी बोलावले नव्हते. गाठोडी बांधलेल्या दोघांपैकी एकाने गाठोडे सोडून त्यातल्या धोतराची चुंबळ केली होती. दुसऱ्याचे गाठोडे अजून तसेच होते, पण त्याची कळशी मधोमध होती.

अच्युतगिरी मात्र दिवसेंदिवस जास्तच गोंधळत होता. याच माणसांना त्याने कारण सांगितले होते, तेव्हा त्यांनी ऐकले आणि मोडले. आता तो काहीच सांगत नव्हता आणि ती येऊन बसत होती. त्यांना गुडघ्याचे ठाऊक होते, मोतीबिंदूचेही ठाऊक होते. ठाऊक असून बसत होती. रात्री अंथरुणावर पडून त्याने याचे अनुमान मांडायचा प्रयत्न केला. पहिल्या पायरीलाच अडला आणि झोपला.

जत्रेच्या आदल्या सकाळी अकरांपैकी आठ रांजण भरले. चौथऱ्यावर त्या वेळी सगळे होते, नऊ जण आणि भवानबाबा. शेवटच्या तीन रांजणांचे पाणी मधोमध मांडून ठेवलेले.

जत्रेसाठी लांबच्या मठातून आलेला एक गोसावी खालून चढून आला. हातात कमंडलू. एवढी माणसे ओळीने गुडघे धरून बसलेली पाहून तो थबकला.

"हे काय?" त्याने मोठ्याने विचारले. "या मठात सगळ्यांचेच गुडघे दुखतात की काय?"

कुणी हसले नाही. सगळ्यांनी अच्युतगिरीकडे पाहिले.

कारणे अच्युतगिरीच्या जिभेवर होती. संधिवात, मोतीबिंदू, चिलीम, कुत्री. एकूण एक खरी. वर्षापूर्वी त्यांतली दोन सांगून झाली होती आणि त्यानंतर काय झाले, तेही तो विसरला नव्हता. भिवगिरीने मान पुढे केली होती. तिघांच्या ओठांवर हसू जमा होत होते, फुटायची वाट बघत.

अच्युतगिरीने खाली पाहिले. त्याचा स्वतःचा तळवा डाव्या गुडघ्यावर होता. कधी गेला, ते त्याला माहीत नव्हते.

तो कट्ट्यावर थोडा सरकला आणि जागा केली.

"असंच असतं," तो म्हणाला. "टेका."

आलेला गोसावी काय करणार? त्याने कमंडलू हंड्यांच्या मधे ठेवला आणि टेकला. इकडेतिकडे पाहिले. मग हळूच हात गुडघ्यावर ठेवला. भिवगिरीने मान मागे घेतली. सगळे रतनगिरी उठायची वाट बघू लागले.

तेव्हा अच्युतगिरीची नजर समोरच्या कट्ट्यावर भवानबाबांकडे गेली, आणि त्याला राहवले नाही. तो पुढे वाकला.

"बाबा," तो कुजबुजला, "तुम्ही तर सोमगिरींच्या शेजारी बसायचात. आमच्यासारखे समोर नाही. त्यांचा उजवा दुखायचा, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक..."

"व्हय."

"मग तुम्हीही डावाच का दाबताय?"

भवानबाबांनी आपल्या हाताकडे पाहिले. हात हलवला नाही.

"उजवा सोमाचा व्हता," ते म्हणाले. "... डावा आपला हाय."